रात्रभर केळीला पाणी भरून आल्यावर सकाळी झोप का लागत नाही?

आमच्या रावेर-यावलकडे हे घरोघरी आहे भाऊ, लाइटची पाळी रात्रीची, मग दोन वाजता मोटर चालू करायला जा आणि सकाळी अंग मोडून आलं तरी डोळा लागत नाही. थकवा कमी पडतो असं नाही, जागं असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्यानेच झोप दाटते, ते तुमचं भरपूर झालेलं असतं. पण मेंदूत एक घड्याळपण आहे, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, साधारण २०,००० पेशींचा बारीक पुंजका, त्याला तुमची पाळी-बिळी काही कळत नाही, उजेड कळतो. बांधावरून येताना तोंडावर ऊन पडलं की ते घड्याळ मेलॅटोनिन, म्हणजे अंधार पडला की झोपेची वर्दी देणारं रसायन, दाबतं आणि अंगाला सांगतं, दिवस उगवला, उठा.

वरून आपण चुलीपाशी बसून कपभर चहा मारतो! चहातलं कॅफिन त्या अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, अर्धं उतरायलाच पाचेक तास जातात.

मी तर रुमाल डोळ्यावर ओढून घरी येतो, चहा उठल्यावर, खिडकीला गोणपाट. मे महिन्यात मात्र पत्र्याखाली काहीच चालत नाही, झोप लागायला अंग आतून थोडं थंड व्हावं लागतं ना.