आधी वही काढा, ताई
ताई, तुमची लेक अचानक बदलली असं तुम्ही लिहिलंत. ती नेमकी कुठल्या दिवशी बदलली, त्याआधी घसा कधी दुखला, ताप आला का, सगळं तारखेनिशी लिहा. आमच्या कोथरूडच्या घरात मुलगा एका रात्रीत हात धुण्यात अडकला. आम्ही महिनाभर हट्ट समजून रागावलो, ते अजून सलतं. १९९८ मध्ये अमेरिकेत डॉ. सुसान स्वीडो यांनी अशाच ५० मुलांची माहिती मांडली होती: स्ट्रेप्टोकोकस या घसा दुखवणाऱ्या जिवाणूच्या संसर्गानंतर अचानक मंत्रचळ (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा), टिक्स (डोळे मिचकावणं, मान उडवणं अशा आपोआप होणाऱ्या हालचाली). अशा मुलांचं अक्षरही बिघडू शकतं, म्हणून शाळेच्या जुन्या-नव्या वह्यांतलं अक्षर शेजारी ठेवून फोटो काढा, टिक्सचे व्हिडिओही. मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टना (मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांना) ते फार उपयोगी पडतात. अँटिबायोटिक मनाने सुरू करू नका, आधी घशाची तपासणी. आणि धाकट्यालाही रोज थोडा वेळ द्या, तोही घाबरलेला असतो.