घरी इंजिन जोडायचे आहे. सिलिंडरचे बोरिंग (भोक कापून मोठे करणे) कुठे करावे आणि पिस्टनचा रिंग गॅप (रिंगच्या दोन टोकांमधली फट) किती ठेवावा?

बोरिंग आणि होनिंग (भोकाचा आतला पृष्ठभाग घासून अंतिम मापाला आणणे) घरी करू नये. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील जाणकार मशीन शॉपमध्ये ब्लॉक न्यावा आणि नवे पिस्टन सोबत द्यावेत, कारण बोअरचे (सिलिंडरच्या भोकाचे) अंतिम माप पिस्टन मोजूनच ठरते. होनिंगच्या वेळी टॉर्क प्लेट (सिलिंडर हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, जागी बोल्टने आवळायची जाड प्लेट) बसवण्याचा आग्रह जरूर धरावा, कारण हेडचे बोल्ट आवळले की बोअरचा गोलपणा किंचित बिघडतो.

घरी आणल्यावर ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने, पांढरे फडके काळे होईनासे होईपर्यंत धुवावा आणि लगेच तेल लावावे. आपल्याकडच्या पावसाळी हवेत कोरडा बोअर पाहता पाहता गंजतो.

टर्बो नसलेल्या इंजिनात ८६ मिमी बोअरला वरच्या रिंगचा गॅप साधारण ०.३५ मिमी असतो. टर्बोसाठी तो वाढवावाच लागतो, अन्यथा तापलेल्या रिंगची टोके भिडून पिस्टन फुटू शकतो. पिस्टन उत्पादकाचा तक्ता अंतिम मानावा.