डॉक्टर नाही, नर्स नाही. मग आरोग्यात तिचं काय काम?

प्रश्न : आम्ही शहादा तालुक्यातले शेतकरी. मुलगी टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय समाजशास्त्र. बारावीनंतर दोनदा नीट दिली, नंबर लागला नाही. आता म्हणते, ‘सामाजिक शास्त्रांच्या अंगाने जागतिक आरोग्य शिकायचंय.’ गावात विचारतात, ‘पोर काय शिकी ऱ्हायनी?’ मला सांगता येत नाही. त्यापेक्षा बी.एड. करायला लावू का? – एक वडील

उत्तर : भाऊसाहेब, नमस्कार.

गावाला काय सांगायचं, तिथूनच सुरुवात करतो. तुमच्या वर धडगाव-मोलगीकडे पावरा आणि भिल्ल पाड्यांवर सिकलसेल आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. रक्ताचा हाच आजार नायजेरियात आणि काँगोतही आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हा दोष रक्तात टिकून राहिला, कारण वाहक माणूस, म्हणजे ज्याच्या रक्तात हा दोष आहे पण जो स्वतः आजारी नाही, गंभीर मलेरियापासून बराचसा वाचतो. मात्र आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक.

इथवर डॉक्टर सांगतील. 2023 मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, मुदत 2047 ची. तपासणी होते, वाहक की आजारी हे सांगणारं कार्ड मिळतं. पण सोयरीक जुळवताना ते कार्ड कोणी दाखवतं का? वाहक मुलगा आणि वाहक मुलगी, दोघांना सारखंच वागवतात का? ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या घरातल्या पोराच्या गोळ्या तिथे कोण देतं? याचं उत्तर रक्ताच्या थेंबात सापडत नाही. ते चुलीपाशी बसून, वेळ देऊन, त्यांच्या बोलीत विचारावं लागतं. तुमच्या मुलीला हे विचारायचं शास्त्र शिकायचंय. आणि हेच प्रश्न नायजेरियातल्या आयांनाही पडतात, म्हणून त्याला ‘जागतिक’ म्हणायचं.

असं न विचारता केलेल्या कामाची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. 1897 च्या पुण्यातल्या प्लेगमध्ये गोरे सोल्जर रोगी शोधायला घरात, थेट देवघरापर्यंत शिरले. लोक रोगी लपवू लागले. 2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा तेच झालं. मयताला अंघोळ घालण्याची रीत होती आणि त्या स्पर्शातूनच रोग पसरत होता. पांढऱ्या पोशाखातली माणसं मयत उचलून नेऊ लागली तशी लोकांनी मयत लपवली. मानववंशशास्त्रज्ञ, म्हणजे लोकांच्या रीतिभाती अभ्यासणारे, गावच्या वडीलधाऱ्यांशी बोलले, प्रार्थना आणि निरोपाला जागा ठेवून दफनाची सुरक्षित पद्धत बसवली गेली, तेव्हा लोक साथ देऊ लागले. तोवर फार उशीर झाला होता. त्या साथीत 11 हजारांवर माणसं गेली.

आता शिक्षणाचं. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सामाजिक साथरोगशास्त्रात (रोग समाजात कुणाला आणि का होतो, याचं शास्त्र) सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.पी.एच., आहे. दिल्लीच्या जेएनयूत सामाजिक वैद्यक आणि सामुदायिक आरोग्याचं जुनं केंद्र आहे. केंद्रीय संस्थांच्या बऱ्याच प्रवेशांना सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा लागते. कोणत्या शाखेचे पदवीधर चालतात हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात मुलीने स्वतः वाचावं, एजंटाच्या तोंडून ऐकू नये. आणि कृपा करून शेत गहाण टाकून खाजगी कॉलेजची महागडी एम.पी.एच. घेऊ नका. डिग्रीचं नाव तेच असतं, शिकवणं तेच असेलच असं नाही.

नोकरीबद्दल तुम्हाला अंधारात ठेवणार नाही. ही पदवी घेऊन ती दवाखाना काढू शकणार नाही. सरकारी आरोग्य अभियानातली बरीच पदं कंत्राटी असतात. परदेशी पैशावरच्या संस्थांचा भरवसा कमी झालाय. 2025 मध्ये अमेरिकेने आपली यूएसएड ही मदतसंस्था बंद केली आणि जगभर या क्षेत्रातल्या नोकऱ्या गेल्या. म्हणून आकडेशास्त्र पक्कं हवं. बी.ए.ची मुलं इथेच मार खातात. तुमच्या मुलीने बारावी सायन्स केलंय, ते इथे कामी येईल. अहिराणी तिची घरची आहेच. पावरी बोलता येत असेल तर ती कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा मोलाची समजा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आज तुमच्या गावची आशाताई बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन येते, त्यामागे हा प्रयोग आहे. तो उभा राहिला तो आधी गावाचं ऐकून.

बी.एड. पुढेही करता येईल. आत्ता तिला एक काम द्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं 2019-21 चं नंदुरबार जिल्ह्याचं पत्रक नेटवर फुकट मिळतं. त्यातला एकच आकडा तिने निवडावा, समजा घरी झालेल्या बाळंतपणांचा. मग आशाताईंबरोबर चार घरं फिरावं आणि ‘असं का?’ याची दोन पानं लिहावीत. ती दोन पानं आधी तुम्ही वाचा, मग मला पाठवा.