उक्त्या सौद्याची घाई नको

डिचोली तालुक्यातील एका भगिनीने लिहिले आहे: “सासूबाईंना जाऊन पाच महिने झाले. घरात तांब्या-पितळेची भांडी, समया, शिसवी कपाट, चिनी मातीच्या बरण्या आणि कागदपत्रांनी भरलेली एक ट्रंक आहे. जुन्या वस्तू घेणाऱ्या एका व्यापाऱ्याने सगळ्याचे मिळून साठ हजार सांगितले. मुंबईचे दीर म्हणतात, देऊन टाका. मडगावच्या नणंदबाईंना मोठी समई हवी आहे. सासरे काही बोलत नाहीत. मी सून, बोलले तर हावरी ठरेन आणि गप्प बसले तर सगळे मोडीच्या भावाने जाईल. काय करू?”

तुमच्या पत्रात सासऱ्यांचा उल्लेख एका वाक्यापुरता आला आहे, आणि माझ्या मते सगळ्या पेचाची किल्ली तिथेच आहे. त्यांना कोणी विचारले आहे का? गोव्याच्या कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. म्हणजे घरातल्या चीजवस्तूंपैकी निम्मा वाटा आजही सासऱ्यांचा स्वतःचा आहे. सासूबाईंनी मृत्युपत्र केले नसेल तर उरलेला निम्मा वाटा तिन्ही मुलांत सारखा जातो, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. तेव्हा दिरांना एकट्याने विकता येणार नाही आणि नणंदबाईंचे मागणेही हक्काबाहेरचे नाही. तुमचा विवाहही तसाच सामाईक मालमत्तेचा असेल, तर यजमानांच्या वाट्यात तुमचाही वाटा आहे. बोलण्यासाठी हावरेपणाचा आळ अंगावर घेण्याचे कारण नाही. दागिन्यांचा हिशेब मात्र थोडा वेगळा लागू शकतो, म्हणून तेवढ्यासाठी वकिलांचा सल्ला घ्यावा. वारसांचे जमले नाही तर 2012 च्या गोवा वारसा कायद्याप्रमाणे न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी मागणारे प्रकरण, दाखल करता येते. पण भांड्यांपायी तिथवर जाणाऱ्या घरांत शेवटी काय उरते, ते तुम्ही गावात पाहिलेच असेल.

आता किमतीविषयी. व्यापारी उक्ता भाव सांगतो, कारण त्याला ढिगातल्या दोनच वस्तू हव्या असतात आणि त्या कोणत्या, हे तुम्हाला कळू नये अशी त्याची इच्छा असते. म्हणून सासऱ्यांना खुर्चीवर बसवून एकेक वस्तू त्यांच्यासमोर मांडावी, तिचा फोटो घ्यावा, वजन करावे आणि वहीत नोंद करावी. जुन्या भांड्यांच्या काठाखाली बारीक ठिपक्यांनी नाव घातलेले असते, क्वचित साल आणि देणाऱ्याचे नावही असते. घंगाळाच्या कड्यांजवळ किंवा हंड्याच्या गळ्याखाली बोट फिरवले की ते हाताला लागते. कोणते भांडे लग्नात माहेरहून आले, कोणते मुंजीत आले, हे त्या नावांवरून आणि सासऱ्यांच्या आठवणीवरून ठरेल, आणि न बोलणारा माणूस अशा वेळी बोलू लागतो, असा माझा अनुभव आहे. नाव घातलेले भांडे चकचकीत करण्यासाठी आम्लाने घासू नये. अक्षरे झिजतात आणि धातूवरचा जुना रंग जातो; त्या रंगासाठीच जाणकार गिऱ्हाईक पैसे मोजते.

त्यानंतर कांसाराकडून पितळ आणि तांब्याचा त्या दिवसाचा मोडीचा भाव काढून घ्यावा. तो तुमचा तळचा आकडा. त्याखाली कोणी आले तर बोलणेच नको. त्यावर घडणीचे मोल चढते. ओतीव, जड, फिरकीने जोडलेली जुनी समई आणि पत्र्याची पोकळ समई एका तराजूत तोलता येत नाहीत. शिसवी कपाटाचे खण बाहेर काढून मागची बाजू पाहावी, वाळवी लागली आहे का ते तपासावे आणि निदान दोन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांकडून त्याचा स्वतंत्र भाव घ्यावा. देव्हाऱ्यातली मूर्ती शंभर वर्षांहून जुनी असण्याचा संभव असेल तर ती परस्पर विकू नये. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे अशा मूर्तीची नोंदणी लागते, व्यापार करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. (देव विकावा की नाही, हा प्रश्न मी सासऱ्यांवर सोडते.) कराची चिंता दिरांना असेल तर त्यांना सांगावे की भारतात सध्या वारसा कर नाही, आणि घरच्या वापरातली भांडी व लाकडी सामान विकून भांडवली नफ्याचा कर लागत नाही, दागिने, चित्रे आणि मूर्ती मात्र त्यातून सुटत नाहीत.

ट्रंकेला आज कोणी हात लावू नये, रद्दीवाल्याने तर मुळीच नाही. पोर्तुगीज आमदनीतील कागद वाचता येत नाहीत म्हणून टाकून दिले आणि पुढे जमिनीच्या दाव्यात त्यांच्यासाठी हळहळत बसले, अशी घरे गोव्यात कमी नाहीत. कागद सावलीत पसरून पोर्तुगीज जाणणाऱ्या वकिलाला दाखवावेत. जुनी मराठी मासिके किंवा पोथ्या निघाल्या तर पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात विचारावे. हे काम पावसाच्या आत उरकावे, कारण आपल्याकडची दमट हवा कागदाला फार सवड देत नाही.

राहिली समई. सासऱ्यांची संमती असेल तर ती नणंदबाईंना अवश्य द्यावी, मात्र वहीत तिची किंमत लिहावी आणि त्यांच्या वाट्यात धरावी, म्हणजे दिरांना पुढे बोलायला जागा राहणार नाही. चवथीला लागणारी भांडी या वर्षी कोणीच हलवू नयेत. व्यापाऱ्याला यजमानांनी फोन करून सांगावे की वर्षश्राद्धापूर्वी काही विकायचे नाही, आणि तोवर त्याने सुट्या वस्तूंचे भाव लिहून पाठवावेत.