बँकेतली खाती कमी करायच्या आधी जरा थांबा (लांबलंय, पण वाचा)

ताई, डोक्याचा ताप कमी करायला बँक खाती कमी करते, निम्मं घर रिकामं करते, ही तुमची पोस्ट रात्री वाचली आणि दोन वर्षांपूर्वीचा मीच दिसलो. दोघंबी नोकरीला, सासऱ्यांची शेती गावाकडं, घरात पाच बँकांची पासबुकं, रविवारी पण डोकं चालूच, इथपर्यंत ठीक आहे, ते सगळ्यांचंच आहे. पण "येत्या रविवारी एकदाचं सगळं निकालात काढते, दोनच खाती ठेवते" हे तुमचं वाक्य वाचलं आणि म्हटलं आता लिहावंच लागतंय. लवकर उठा, मोबाइल बाजूला ठेवा, ग्रुप म्यूट करा हे बाकीच्यांनी सांगितलंच आहे, ते मी परत सांगत नाही.

मी पण असाच एका रविवारी पेटलो होतो. २०२४ ची दिवाळी, कपाट आवरायला काढलं आणि त्यातनं माझी चार अन् वडिलांची दोन पासबुकं निघाली. वडिलांचं एक खातं तालुक्याच्या गावातलं, लई जुनं, त्यात बाराशे-पंधराशे रुपये असतील. दुसरं लातूरला, माझ्या घराजवळ. मी म्हटलं हे जुनं कशाला ठेवायचं, तालुक्याला हेलपाटा कोण मारणार. त्याच आठवड्यात वडिलांना गाडीवर बसवून नेलं, फॉर्म भरला, सही घेतली, खातं बंद. तिथल्या साहेबांनी पण काही विचारलं नाही, एक डोकेदुखी कमी झाली म्हणून तेच खूश. घरी येऊन मी चहा काय निवांत पिलो म्हणून सांगू.

आता गंमत बघा. त्या सप्टेंबरात आमच्याकडं अतिवृष्टी झालेली, सोयाबीन पाण्यात, पंचनामे झालेले. पुढं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या खात्यात अनुदान पडलं, आमच्या नाही. पीएम किसानचे चार महिन्याला येणारे २००० पण आले नाहीत. वडील रोज सकाळी पारावर जाऊन विचारून यायचे, याला आले, त्याला आले, आपलेच काहून नाही. मी एका कार्यालयात गेलो (नाव घेत नाही, उगं वाद नको), तिथं म्हणले यादीत नाव आहे, पैसे गेलेत, बँकेत विचारा. बँकेत म्हणले आमच्याकडं आलेच नाहीत, तिकडंच विचारा. परत तिकडं गेलो तर साइट बंद. पुढच्या वेळी साइट चालू तर साहेब मीटिंगला. एकदा तर आधार, सातबारा, पासबुक सगळ्याच्या झेरॉक्स घेतल्या आणि पंधरा दिवसांनी म्हणले तुमचा अर्जच सापडंना, परत द्या. पोच मागितली नव्हती ही माझी चूक, पण माणसानं अर्धा दिवस रजा टाकून यायचं आणि तुम्ही कागद हरवायचा, याला काय म्हणावं? पाच रजा गेल्या माझ्या. एकानंही साधं एक वाक्य सांगितलं नाही की बाबा, आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते बघ.

ते सांगितलं महा ई-सेवा केंद्रातल्या एका पोरानं, पाच मिनिटात. सरकारी अनुदान आधारवरून येतं ना, ते आधारला त्या कामासाठी जोडलेल्या एकाच खात्यात जातं. चार बँकांत केवायसीला आधार दिलं म्हणून चारही जोडली असं नसतं. आमचं जोडलेलं होतं नेमकं तेच जुनं, जे मी दिवाळीत मोठ्या हौसेनं बंद केलं. मग लातूरच्या बँकेत सीडिंगचा (म्हणजे खात्याला आधार जोडायचा) फॉर्म द्या, वडिलांचा अंगठा मशीनवर उठंना (शेतात राबलेला हात, रेषाच राहिल्या नाहीत), दोन वेळा परत पाठवलं. सगळं सुरळीत व्हायला पाच महिने. वडील मला रागावले नाहीत, एवढंच म्हणले, "ते खातं तुला काय खात होतं का?" ते अजून ऐकू येतं.

म्हणून सांगायलोय, रविवारी काही बंद करू नका. आधी मायआधारच्या साइटवर ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, तुमचं पण आणि सासऱ्यांचं पण. सासऱ्यांच्या आधारला मोबाइल नंबर कुणाचा आहे तेवढं आधी बघा, नाहीतर ओटीपी दिराच्या फोनवर जायचा. मग प्रत्येक पासबुकात वर्षभराच्या नोंदी भरून घ्या आणि काय येतं काय जातं एका वहीत लिहा. वर्षभराच्याच, कारण विम्याचा हप्ता वर्षातनं एकदाच कटतो, तीन महिन्याचं बघितलं तर दिसत नाही. माझा एक तसाच बाउन्स झाला, नशीब ३० दिवसांची सवलत असते, त्यात भरला. नवीन खात्यात एकदा पैसे पडलेले दिसले की मगच जुनं बंद करा. हे सगळं व्हायला तीन-चार महिने लागतील, लागू द्या.

आणि नुसतं पडून असलेलं खातं पण तसंच सोडू नका. दोन वर्षं व्यवहार नाही झाला की ते निष्क्रिय होतं, दहा वर्षांनी त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या फंडात जाते. परत मिळते, पण परत हेलपाटे आलेच. गेलाच आहात बँकेत तर वारस (नॉमिनी) पण लावून घ्या, नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत लावता येतात. अजून एक, खाती कमी करायची म्हणून सगळा पैसा जास्त व्याजाच्या नादानं एका पतसंस्थेत नेऊ नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखापर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो नसतो. आपल्या भागात किती जणांचे हात पोळलेत ते तुम्हाला माहीतच आहे. मी काही सीए नाही हां, भोगलं ते सांगतोय.

निम्मं घर रिकामं करायचं म्हणता त्याबद्दल. 'वर्षभर वापरलं नाही ते टाका' हा सल्ला ज्यांच्या नळाला रोज पाणी येतं त्यांचा आहे. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हापासून आमच्या घरात रिकामा ड्रम फेकायचं नाव काढलं की बायको अशी बघती की बस. मी दोन ड्रम भंगारात घातले होते आणि पुढच्याच उन्हाळ्यात दुप्पट पैशानं घेतले. त्यामुळं ड्रम, टिपाड, घागरी यांना हात लावू नका. साड्या, डबे, लेकरांच्या जुन्या वह्या काढा खुशाल.

मला स्वतःला सगळ्यात जास्त फरक पडला तो लग्नसराईत. भावकी सोडून बाकी लग्नांना आम्ही आता जात नाही, आधीच फोन करून सांगतो, आहेर फोनवरनं पाठवतो. पहिल्या वर्षी दोघं-तिघं रुसले. पण मे महिन्यातले रविवार घरी मिळाले राव, त्याच्यापुढं रुसवा परवडला. प्रत्येकाला जमंल असं नाही, तुमच्या सासरचं तुम्हाला माहीत.

तुम्ही लिहिलंय रात्री तीनला जाग येती आणि छातीत धडधडतं. ते पासबुकं आवरून जाईल असं धरून बसू नका, डॉक्टरला दाखवा. १४४१६ वर टेलिमानसला (मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन) फोन करून नुसतं बोलता पण येतं, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

सासऱ्यांचं सीडिंग कोणत्या बँकेला निघतंय ते बघून इथंच टाका. तोवर त्या पाचातल्या एकाला पण हात लावू नका.