टोकन देऊ नकोस, आधी मोजणी

चि. बाळा,

पाठवलेला सातबारा पाहिला. पाच आर, मालकाचं नाव, इतर हक्कांत कर्जाचा बोजा नाही. एवढ्यावर घर ठरवलंस आणि आता शेजाऱ्याने कुंपणाचा विषय काढला म्हणून झोप उडाली. शेजारी आत्ताच बोलला हे नशीब समज. बरेचसे खरेदीखत होईपर्यंत गप्प बसतात.

जमीन कोणाची आणि किती, ते सातबारा सांगतो. कुठून कुठपर्यंत, ते मोजणी. मोजणी झाल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही.

एजंट म्हणतो, चतुःसीमा खतात आहेत की! दस्त लिहिण्यात माझी हयात गेली. पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस रस्ता. तो अमका कधीच वारला, रस्ता सरकला, मजकूर मात्र जुन्या खतातून नव्या खतात तसाच उतरतो. आणि तुझ्या खताच्या मसुद्यात पाच गुंठे लिहिलेत, ते वाचलंस का? गुंठा 1089 चौरस फुटांचा, आर साधारण 1076 चा. पाचांत साठाहून जास्त चौरस फूट गेले, म्हणजे एक न्हाणीघर.

हद्द कायम मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात मालकालाच करायला लाव. तुझं नाव अजून लागलेलं नाही, तुझा अर्ज चालणार नाही. फी हवी तर तू भर. लगतदारांना नोटिसा जातात. मोजणीच्या दिवशी रजा काढ आणि भूकरमापकाच्या मागे मागे फिर. कोपऱ्याकोपऱ्यावर खुणा दाखवून घे, फोटो काढ, कोण शेजारी कुठे कुरकुरला ते लिहून ठेव. मग ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घे. तिच्यात रेकॉर्डची हद्द एकीकडे आणि कुंपण भलतीकडे निघालं, तर भाव कुंपणाचा नाही, हद्दीचा ठरव.

मालक घाई करेल. करू दे. मोजणीशिवाय बयाणा नाही.

मेहुण्याच्या प्लॉटला मी असाच आडवा पडलो होतो. सौदा मोडला, बोलणं तुटलं, पुढे त्या जागेचा भाव कुठच्या कुठे गेला. लग्नकार्यात अजून ऐकवतात. मोजणी झालीच नाही, तेव्हा माझं बरोबर होतं की नाही हे कोणीच सांगू शकत नाही, मीसुद्धा. तरी उद्या परत आडवा पडेन.

शुक्रवारी टोकन मागितलंय ना? टोकन म्हणजे बयाणाच, नुसतं नाव बदललंय. मालकाशी बोलायला संकोच वाटत असेल तर त्याचा नंबर पाठव, मी बोलतो.

तुझा,
काका