प्लेटवर वर्तुळ दिसलं, आता पुढे?

प्रश्न : माझं इतवारीत जडीबुटीचं दुकान आहे. मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिनं दुकानातल्या दारुहळदीचा अर्क काढला, तर प्लेटवर अर्काच्या चकतीभोवती कॅन्डिडा यीस्टची (एक प्रकारची बुरशी) वाढ थांबून मोकळं वर्तुळ दिसलं. फ्लुकोनॅझोल या बुरशीनाशक औषधालाही दाद न देणारं ते यीस्ट होतं म्हणते. आता तिला यातच संशोधन करायचंय. मी म्हणतो, बी.एड. कर किंवा बँकेच्या परीक्षा दे. एक मित्र म्हणतो, अर्क बाटलीत भरून दुकानात ठेव. काय करावं?

उत्तर : भाऊ, आधी बाटलीचं. ती भरू नका. औषध बनवून विकायला परवाना लागतो, आणि हा अर्क माणसाच्या त्वचेवर किंवा पोटात गेल्यावर काय करील, हे या प्रयोगात तपासलेलंच नाही.

मुलीनं मात्र विषय मोलाचा धरलाय. कॅन्डिडा ऑरिस या यीस्टची पहिली नोंद 2009 मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातून झाली. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं घातक बुरशींची यादी काढली, तेव्हा ते सर्वांत वरच्या गटात होतं. यीस्टच्या पेशीची घडण आपल्या पेशीशी बरीच मिळतीजुळती, म्हणून तिला मारील पण रोग्याला इजा करणार नाही असं औषध सापडणं अवघड. शरीरात खोलवर गेलेल्या कॅन्डिडासाठी भिस्त मुख्यतः तीन गटांवर : अ‍ॅझोल, एकायनोकॅन्डिन आणि अ‍ॅम्फोटेरिसिन. 2021 मध्ये याच अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी आपल्या नागपुरात लोक वणवण फिरले. ती म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीची साथ होती, यीस्टची नव्हे. पण हाताशी औषधं किती कमी आहेत, ते तेव्हा घराघरात कळलं.

आता तिला जेवताना एक विचारा. अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल, तर नुसत्या अल्कोहोलच्या चकतीभोवती काय दिसलं? तिथंही वर्तुळ आलं असेल, तर श्रेय दारुहळदीचं नाही. शिवाय वर्तुळ मोठं म्हणजे अर्क जोरकस, असंही नसतं. जो घटक आगरमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या जेलीत, पसरत नाही, त्याचं वर्तुळ लहानच येतं. पुढची पायरी म्हणजे एमआयसी काढणं : पातळ माध्यमात अर्क निम्मा-निम्मा करत जायचा आणि कमीत कमी किती मात्रेला वाढ थांबते ते पाहायचं. मग तीच मात्रा माणसाच्या पेशींना सोसते का, हे तपासायचं. बहुतेक अर्क इथंच गळतात. हे ऐकून ती हिरमुसली, तर थोडं थांबून विचार करा. उलट तिचे डोळे चमकले आणि ‘पुन्हा करून बघते’ म्हणाली, तर बी.एड.चा आग्रह सोडा. तो कोर्स नंतरही करता येईल.

दारुहळदीतला बर्बेरिन हा घटक फ्लुकोनॅझोलसोबत दिला, तर औषधाला न जुमानणाऱ्या कॅन्डिडावर दोघांचा मिळून परिणाम वाढतो, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. वनस्पतीनं एकटीनं लढण्यापेक्षा जुन्या औषधाला हात देणं, ही वाट मला अधिक आशेची वाटते. आणखी एक वाट तिला नक्की सांगा. 2021 मध्ये अमेरिकेत योनिमार्गाच्या यीस्ट संसर्गासाठी इब्रेक्साफंजर्प या औषधाला मान्यता मिळाली. त्याचं मूळ रसायन ज्युनिपर झाडाच्या पानांवरून मिळालेल्या एका बुरशीत सापडलं होतं, खुद्द झाडात नव्हे. मायक्रोबायोलॉजीवालीला झाडाकडे असंही पाहता येतं.

शिक्षणाचं सांगतो. जीपॅट ही प्रवेशपरीक्षा फार्मसीवाल्यांसाठी आहे, त्यामागे लागू नये. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी आपल्या विद्यापीठात करावी, बाहेर जायचं असेल तर सीयूईटी-पीजी ही प्रवेशपरीक्षा द्यावी. दुसऱ्या वर्षापासून सीएसआयआर-नेट आणि गेट या परीक्षांची तयारी. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तर 2023 पासूनच्या दरानं महिना 37,000 रुपये मिळतात, म्हणजे पीएच.डी.च्या वर्षांत घरावर भार पडत नाही. पण एम.एस्सी. धरून सातेक वर्षं जातील आणि कायमच्या जागा थोड्या आहेत, हे तिला आजच स्पष्ट सांगा. मधेच थांबावं लागलं तरी एम.एस्सी. वाया जात नाही. औषध आणि अन्न कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट लागतोच. एम.एस्सी.ला प्रवेश घेताना मात्र प्रयोगशाळा बघून या. विद्यार्थ्यांना स्वतःच्या हातानं काम करू देतात का, हे तिथल्याच मुलांना विचारा.

आणि यात तुमचंही काम आहे, भाऊ. बाजारात दारुहळद म्हणून बर्बेरिस या झुडपाचं लाकूड येतं, तसंच दक्षिणेकडच्या कोसिनियम या वेलीचंही. दोन्ही पिवळी, दोन्हींत बर्बेरिन. तिनं नेमकं कोणतं वापरलं? ओळख पटवलेली वनस्पती नसेल, तर पुढचा सगळा प्रयोग अधांतरी राहतो. माल कुठून आला, कोणाकडून घेतला, पूड करण्याआधी तुकडे कसे दिसत होते, हे तुमच्याइतकं तिच्या सरांनाही ठाऊक नसणार. त्याच पोत्यातले चार तुकडे आणि खरेदीची पावती घ्या, आणि विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात ओळख पटवायला तिच्यासोबत तुम्ही स्वतः जा.